बोटीचं बारसं आणि ठमीचा राग

साउदॅम्प्टन, रविवार

प्रिय ठमे,

(हो, मुद्दामच. आधी पत्र पूर्ण वाच, मग रुस.)

आजीच्या फोनवरून आलेला तुझा निरोप मी तीनदा ऐकला. "आई, इथे जयगडला कुणाला खरं नावच नाही. दूध घालणारा बाळ्या पन्नास वर्षांचा आहे. सगळे ज्यांना नाना म्हणतात त्यांचं नाव नाना नाही. एसटीला लालपरी म्हणतात आणि मला ठमी. हे प्रेम आहे की चेष्टा?" मागे पाऊस कोसळत होता आणि आजी "चल गो जेवायला" म्हणून हाका मारत होती. ठमी म्हणून हाका मारत होती आणि तू ओ देत होतीस, हेही ऐकलं हो मी.

उत्तर काय द्यावं ते दोन दिवस सुचेना. काल संध्याकाळी भांडी घासताना क्वीन मेरी टूचा भोंगा ऐकू आला. लहानपणी तू या आवाजाला घाबरून सोफ्यामागे लपायचीस. त्या बोटीवरचा एक भोंगा मूळच्या, जुन्या क्वीन मेरीचा आहे. ती जुनी बोट १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या धक्क्याला बांधून ठेवलेली आहे आणि तिचा भोंगा मात्र या नव्या बोटीवर बसून अटलांटिक ओलांडतो. आजीची नथ नातीच्या नाकात, तसं. भोंगा वाजला आणि वाटलं, ठमीला बोटींच्याच गोष्टी सांगाव्यात. बोटींनाही दोन-दोन नावं असतात.

त्या जुन्या क्वीन मेरीचंच बघ. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला ती बांधत होते तेव्हा तिला नावच नव्हतं, नुसता आकडा होता: ५३४. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा तुझ्या मनगटावर नंबराची पट्टी होती ना, तसंच. १९३१ च्या डिसेंबरात पैशाअभावी काम थांबलं आणि दोन वर्षांहून जास्त काळ बिचारी ५३४ गंजत पडून राहिली. शेवटी २६ सप्टेंबर १९३४ ला खुद्द राणी मेरीने बाटली फोडून तिला आपलंच नाव दिलं आणि बोट पाण्यात उतरली. अशा नाव ठेवणाऱ्या बाईला इथे बोटीची गॉडमदर म्हणतात. आपल्याकडे हे काम आत्याचं. तुझ्या बारशाला आत्याने पाळण्याशी वाकून तुझ्या कानात नाव सांगितलं आणि बाकीच्या बायकांनी 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत धपाटे घातले. राणीला धपाटे घालायची कुणाची छाती झाली नसावी, एवढाच काय तो फरक.

पण आत्या काय किंवा राणी काय, नाव ठेवतात तेव्हा त्यांना बाळाचा स्वभाव कुठे ठाऊक असतो? बारा दिवसांचं बाळ ते. म्हणून ते नाव मोठं, शोभेचं, पासपोर्टावर छापायला छान. घरातली माणसं पुढे तुझ्याबरोबर राहतात, तुझं रडणं-हसणं बघतात, आणि मग एक वेगळंच नाव पडतं. शब्द नीट बघ: पहिलं नाव 'ठेवतात', दुसरं 'पडतं'. कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नाही.

बोटीचंही तसंच. कंपनी क्वीन मेरी म्हणायची, पण तिच्यातून येणारे-जाणारे नुसतं 'द मेरी' म्हणायचे. राणीबद्दल वाकडा शब्द काढणार कोण? आणि ही बोट तर समुद्रात भयंकर डोलायची. डोलणं कमी करायची यंत्रं तिला बसली ती थेट १९५८ मध्ये. 'राणीसाहेब डोलतात' हे म्हणायला कसंतरीच वाटणार. 'मेरी डोलते' हे सहज म्हणता येतं.

हसू नकोस, आपल्याकडेही अगदी हेच झालेलं आहे. मुलाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. पण पूर्वी सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, नवऱ्याचंही नाही. लग्नात उखाणा घेऊन एकदा घेतलं तेवढंच. मग ते नाव पोराला ठेवल्यावर त्याला हाक कशी मारायची? 'मेल्या, आधी हात धू' हे सासऱ्याच्या नावाने कसं ओरडायचं? म्हणून तो घरात बाळ, नाना, आबा, बंडू. तुझे ते नाना असेच झाले. पन्नाशी गाठली तरी बाळ्या 'बाळ्या'च, कारण ज्या आईने ते नाव पाडलं तिच्यानंतर कुणी ते उचलून परत केलंच नाही.

आणखी एक गंमत. या गावातून मॉरेटेनिया नावाची बोट निघायची. १९०९ ते १९२९, तब्बल वीस वर्षं अटलांटिक सगळ्यात वेगाने ओलांडायचा मान तिच्याकडे होता. एवढं भारदस्त नाव, आणि माणसं तिला म्हणायची 'मॉरी'. बेरेंगेरिया होती, तिची झाली 'बेरी'. २००८ पासून इथे यायला लागलेल्या इंडिपेंडन्स ऑफ द सीज या अवाढव्य बोटीला तिचे प्रवासी 'इंडी' म्हणतात. मॉरी, बेरी, इंडी. आता आपल्या घरात ये: चिंगी, पमी, बेबी, ठमी. शेवटी 'ई' लावली की मोठ्यातली मोठी वस्तू मांडीवर घेण्याइतकी लहान होते. हे इंग्रज आपल्याकडून शिकले नाहीत आणि आपण त्यांच्याकडून नाही. जिभेलाच ते कळत असावं.

आता तुझा मुख्य प्रश्न: प्रेम की चेष्टा?

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. मध्ये फक्त एक अनुस्वार. आपल्या माणसांनी तो एक टिंब कधी फार मनावर घेतलेला नाही. उलट, उघड कौतुक केलं तर दृष्ट लागते अशी भीती. म्हणून गुटगुटीत बाळाच्या गालाला काजळाची तीट लावायची, आणि नावालाही तीट लावायची. पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पुढच्या मुलाला मुद्दाम दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत. हा तर नुसता दगड, हा तर केर, याला नेऊन काय करणार, असं मृत्यूला भासवायचं. आजीच्या शेजारी कुणी धोंडूकाका असतील तर त्यांच्या नावाला हसू नकोस. त्यांच्या आईने ते नाव फार घाबरून ठेवलेलं असणार.

बोटींच्या मालकांना अशी भीती वाटत नसे. एका कंपनीने दोन बहिणी-बहिणी बोटी बांधल्या. एकीचं नाव ऑलिंपिक, दुसरीचं टायटॅनिक. देव आणि दैत्यांची नावं! टायटॅनिक १० एप्रिल १९१२ ला इथूनच निघाली, पुढचं तुला शाळेत शिकवलंय. मोठी बहीण ऑलिंपिक मात्र १९११ पासून १९३५ पर्यंत चालत राहिली. पहिल्या महायुद्धात तिने सैनिकांची ने-आण केली आणि १९१८ मध्ये तर एका जर्मन पाणबुडीला धडक मारून बुडवलं. लोकांनी तिचं नाव पाडलं 'ओल्ड रिलायबल'. म्हणजे भरवशाची म्हातारी. (आपल्याकडे भरवशाच्या म्हशीलाच टोणगा होतो, पण या म्हाताऱ्या बोटीने ती म्हण खोटी पाडली.)

म्हातारी म्हणणं म्हणजे अपमान नाही, हे तुला आपल्या शेजारच्या आजोबांकडून कळायला हवं होतं. ते कॅनबेरा बोटीवर स्टुअर्ड होते, तुला माहीत आहे. काल कुंपणापाशी भेटले तेव्हा तुझा प्रश्न मी त्यांना सांगितला. पहिल्यांदा हसले, मग बराच वेळ बोलत राहिले, माझी इस्त्री तशीच राहिली. कॅनबेरा पांढरीशुभ्र, मागच्या अंगाला शेजारी-शेजारी दोन पिवळी धुराडी. १९६१ मध्ये निघाली ती इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात राहायला जाणाऱ्या कुटुंबांना घेऊन. नंतर ती नुसती सहलींची बोट झाली. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांसाठी युद्ध पेटलं तेव्हा सरकारने हीच सहलीची बोट सैन्य न्यायला घेतली. पोहण्याच्या तलावावर हेलिकॉप्टर उतरायची जागा केली आणि ९ एप्रिलला ती इथून निघाली. रंग बदलायलाही वेळ नव्हता. करड्या युद्धनौकांच्या मधोमध ही पांढरी धिप्पाड बोट! सैनिकांनी तिला म्हटलं 'ग्रेट व्हाइट व्हेल', मोठा पांढरा देवमासा. ही आधी चेष्टाच होती. सगळ्यात आधी हीच बुडणार, असा त्यातला काळा विनोद.

ती बुडाली नाही. ११ जुलैला परत आली तेव्हा अंगावर गंजाचे ओघळ होते, आणि कठड्यावरून चादरींचे फलक लोंबत होते. एकावर लिहिलं होतं की क्यूई टू जिथे जायला कचरते तिथेही कॅनबेरा सहल करते. क्यूई टू म्हणजे क्वीन एलिझाबेथ टू. तीही सैन्य घेऊन गेली होती, पण तिला लढाईपासून लांब ठेवलं होतं. आजोबा म्हणाले, त्या दिवशी धक्क्यावर सगळे 'द व्हेल, द व्हेल' ओरडत होते आणि आता त्यात चेष्टा शिल्लक नव्हती. १९९७ मध्ये कॅनबेरा पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. हे सांगताना ते बोटीला 'ती' म्हणत होते. 'शी.' लॉइड्स लिस्ट या जहाजांच्या वर्तमानपत्राने २००२ मध्ये बोटीला 'ती' न म्हणता 'ते' म्हणायचं ठरवलं, तो विषय मी काढला नाही. आपल्याला हा प्रश्नच नाही म्हणा: बोट 'ती', जहाज 'ते', मचवा 'तो'. जे तोंडात येईल त्यावर भागतं. आणि 'नाव' तर काय, ती म्हटली की होडी, ते म्हटलं की तुझं-माझं.

आपल्या बाजूच्या समुद्रातली एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येणारी एक आगबोट होती, १८८५ मध्ये स्कॉटलंडला बांधलेली. कंपनीने तिचं नाव ठेवलं वैतरणा, आपली पालघरकडची नदी. (पुराणात यमाच्या दारातल्या नदीला वैतरणी म्हणतात. एवढं जवळचं नाव मी तरी बोटीला ठेवलं नसतं.) तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी गावागावांत समया आणि कंदील. काळोख्या समुद्रावरून ही झगमगत जाताना दिसायची. लोकांनी तिचं नाव पाडलं 'वीजळी'. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ती माणसांसकट नाहीशी झाली. आज वैतरणा बोट कुणाला ठाऊक नाही. गुजरातीत तिच्यावर लोकगीतं झाली, आणि त्या गाण्यांमधून जी टिकली ती वीजळी.

बाकी तुझी लालपरी. तिला 'लाल डबा'ही म्हणतात, लक्ष ठेव. वेळेवर आली की परी, घाटात बंद पडली की डबा. पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला. १ जूनलाच, पण १९३० साली, डेक्कन क्वीन सुरू झाली. तिची झाली दख्खनची राणी, आणि रोजचे प्रवासी दरवर्षी तिच्या वाढदिवसाला केक कापतात. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी होती, तिला सगळे शकुंतला म्हणायचे. मुंबईचा भाऊचा धक्का तर सरकारी कागदावर फेरी व्हार्फ आहे, पण तसं टॅक्सीवाल्याला सांगून बघ! लक्ष्मण अजिंक्य यांनी तो १८४१ मध्ये बांधला, त्यांना लोक भाऊ म्हणत. म्हणजे धक्क्याला जे नाव मिळालं तेसुद्धा घरातलंच.

आजी लग्न होऊन जयगडला आली ती याच धक्क्यावरून, बोटीने. खाडीत बोट लांब उभी राहायची आणि माणसांना पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. आजी वाटेत बोट लागून अर्धमेली झाली होती. नव्या नवरीला पडावातून धरून उतरवावं लागलं. त्यावरून सासरी तिला एक नाव पडलं होतं. मला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून नको. आज दुपारी चहाच्या वेळी, पाऊस थांबला असेल तर ओटीवर बसून तूच तिला विचार. आधी ती रागावेल. मग लाजेल. मग सांगेल.

आणि लहानपणी ती मला काय म्हणायची तेही विचारून घे, वहीत लिहून आण. फक्त आल्यावर कुंपणापलीकडे ओरडून सांगू नकोस. शेजारच्या आजोबांना नावं फार लक्षात राहतात.

नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राजवळ एकटी जायचं नाही. भाताबरोबर सोलकढी पी, नाक मुरडू नकोस.

तुझी,
आई