उपलब्ध शिल्लक कोणाची?

ताई,
मी ४२ वर्षांचा. मुलुंडला राहतो, अंधेरीत एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. हातात ६२,००० येतात. अडीच वर्षांपूर्वी सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, घरटी १८,००० भरायचे होते. पगाराच्या खात्यावर बँकेने दीड लाखाची ओव्हरड्राफ्टची लिमिट दिली होती, म्हणजे शिल्लक संपली तरी तेवढे व्याजाने उचलता येतात. त्यातून भरले. म्हटलं, पुढच्या महिन्यात फेडू. मग शाळेची फी आली, मग गणपतीला गावी जाणं आलं. आता पगाराच्या आदल्या दिवशी खातं १,१०,००० रुपयांनी उणे असतं. व्याज १६ टक्के. क्रेडिट कार्डापेक्षा बरं, अशी मनाची समजूत घालतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. ती उधळी नाही हो. उलट मुलीच्या कॉलेजसाठी त्याच बँकेत आम्ही दोघांच्या नावाने दरमहा ५,००० ची आरडी भरतो, साडेसहा टक्क्यांची. तिचा एक हप्ता चुकलेला नाही. खर्च कुठे कापू, तेच समजत नाही.
— महिनाअखेर, मुलुंड

महिनाअखेर, तुमचं पत्र एकदा वाचलं आणि दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली आहेत, सवय जात नाही.

तीस महिन्यांत १,१०,००० चा खड्डा पडला. त्यातले व्याजाचे आणि दरवर्षीच्या रिन्युअल चार्जेसचे चौदा-एक हजार बाजूला काढा. उरले ९६,०००. म्हणजे तुमच्या घराला महिन्याला ३,२०० कमी पडत होते. गच्ची, फी, गणपती, सगळं धरून! पत्राच्या सुरावरून मला वाटलं होतं आकडा दहा-बारा हजारांचा निघेल.

आता ती आरडी. एकही हप्ता चुकला नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पण ३,२०० कमी पडत असताना ५,००० बाजूला पडत होते, ते कुठून? ओव्हरड्राफ्टमधून. तुम्ही बँकेकडून सोळा टक्क्यांनी पैसे उचलता आणि त्याच बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवता. बँक तुमचेच पैसे तुम्हाला व्याजाने देतेय. माझ्या काउंटरवर अशी माणसं महिन्याला दोन-तीन तरी यायची, आणि खरं सांगते, आम्ही त्यांना हे सांगायचो नाही. आमचं टार्गेट दोन्हीकडून भरत होतं.

कार्डापेक्षा बरं, हे तुमचं म्हणणं चूक नाही. कार्डाची बाकी पुढे ढकलली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. त्यामानाने ओव्हरड्राफ्ट स्वस्त. जितके दिवस जितके वापरले तितक्यावरच व्याज. पंधरा-वीस दिवसांच्या अडचणीला चांगली सोय आहे. पण तुमचं खातं पगार जमा झाल्यावरसुद्धा ४८,००० नी उणेच राहतं. वर चढायला जागाच नाही. सध्या महिन्याला हजारभर रुपये नुसत्या व्याजात जातायत. आणि ही रक्कम बँक मागेल तेव्हा परत द्यायची असते. उद्या नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला, की आधी फोन येतो, मग पत्र.

तुम्हाला हे इतके दिवस जाणवलं का नाही, त्याचं कारण मोबाइलमध्ये आहे. पूर्वी लोक पासबुक भरून घ्यायला यायचे. मशीनमधून कर्रकर्र करत पान बाहेर यायचं आणि शिल्लकेच्या पुढे ‘डीआर’, म्हणजे खातं उणे, असं छापलेलं असायचं. ती दोन अक्षरं बघून माणूस पासबुक पटकन मिटायचा, मागच्याला दिसू नये म्हणून. आता ॲप उघडलं की ठळक अक्षरात येतं ‘उपलब्ध शिल्लक’, आणि त्यात लिमिट मिळवलेली असते. पगाराच्या संध्याकाळी तुम्हाला तिथे १,०२,००० दिसत असतील. त्यातला एक रुपयाही तुमचा नाही. या आठवड्यात शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. ते पान पुढे लागणारच आहे.

करायचं काय, तर आरडी मोडायची. तीस हप्त्यांचं दीड लाख मुद्दल आहे. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कापतील, मुद्दलाला धक्का नाही. १,१०,००० भरून चाळीसेक हजार मुद्दलाचे आणि वर व्याजाचे काही हजार उरतील. ते वेगळ्या खात्यात ठेवा. पुढच्या वेळी सोसायटीने गच्ची काढली की त्यातून भरायचे.

दोघांच्या नावावर आहे, म्हणजे मोडताना बहुतेक मिसेसची सही लागेल. मला वाटतं तुम्ही इतके दिवस इथेच अडलात. खर्च कुठे कापू हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, कारण तो एकट्याने सोडवता येण्यासारखा आहे. सही मागायची म्हणजे सांगावं लागणार.

तर सांगा. रविवारी, जेवणं झाल्यावर, मुलगी क्लासला किंवा खाली खेळायला गेली असेल तेव्हा. ते पासबुक समोर ठेवा आणि पहिलं वाक्य ‘मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली’ हेच असू दे. ‘आपला खर्च फार होतो’ अशी सुरुवात केलीत तर त्यांना वाटेल भाजीपाल्याचा हिशोब मागताय, आणि भांडण भलतीकडे जाईल. त्या चिडतील. दोन दिवस डबा भरून देतील, पण बोलणार नाहीत. लाखासाठी नाही चिडणार. तीस महिने शेजारी बसून आरडीचे हप्ते मोजलेत, त्यासाठी चिडतील. तेवढं ऐकून घ्या. मध्येच ‘तुझ्याच टेन्शनला घाबरून सांगितलं नाही’ वगैरे म्हणू नका. नवऱ्यांची ही आवडती सबब आहे, आमच्याकडेही चालायची.

राग उतरला की दोघांनी मिळून खरा आकडा मांडा. ५,००० मधून ३,२०० गेले की उरतात १,८००. तुमच्या घराची खरी बचत तेवढीच होती. मुलीच्या कॉलेजसाठी आरडी पुन्हा सुरू करा, पण १,८०० ची. तुमच्या मिसेसना घर चालवायचा माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे. आकडा समोर आला तर त्या कदाचित त्याचे अडीच हजार करून दाखवतील. शाळेची फी, मेडिक्लेम, गणपतीची तिकिटं या वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची बेरीजही त्यांनाच करू द्या. तुम्ही ती आजवर केलेली दिसत नाही.

एक बँकेतलं सांगते. खातं शून्यावर आणून थांबू नका. लिमिट तशीच राहिली तर ॲपमध्ये पुन्हा दीड लाख दिसायला लागतील, शिवाय रिन्युअल चार्जेस आणि त्यावर १८ टक्के जीएसटी चालूच. ओव्हरड्राफ्टची सोय बंद करावी असा लेखी अर्ज द्या. काउंटरवरची बाई म्हणेल, “राहू दे ना सर, कधीतरी लागेल.” तिला टार्गेट आहे, तिच्यावर रागावू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.