नोटरीचा करार पुरेसा आहे का?

प्रश्न : घणसोलीत वन बीएचके भाड्याने घेतोय. भाडं 25,000, डिपॉझिट एक लाख. एजंट म्हणतो, 11 महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे.

उत्तर : पुरे नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे 11 महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात. हे मालकाच्या कानावर घाला, लगेच तयार होईल! मुद्रांक शुल्क 0.25 टक्के : एकूण भाडं 2,75,000 अधिक डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज, म्हणजे सातशेच्या थोडं वर. नोंदणी फी 1,000. ऑनलाइन होतं, दोघांचं आधार आणि अंगठा लागतो. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइनच द्या, रक्कम करारात लिहून घ्या. किल्ली घेताना महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, जुनी थकबाकी तुमच्या गळ्यात नको.