महापालिकेच्या मालकीच्या कंपनीला नगरसेवक जाब विचारू शकतात का?

तुम्ही विचारलंय, महापालिकेने काढलेल्या कंपनीवर लक्ष ठेवतं कोण आणि निवडून दिलेले नगरसेवक तिला जाब विचारू शकतात का. विचारू शकतात. उत्तर मिळेल याची खात्री मात्र नाही. मी २०१७ ते २०२२ नगरसेविका होते, नऊ जणांच्या गटाची गटनेती, आणि त्यामुळेच शहराच्या स्मार्ट सिटी कंपनीवर संचालक. शहराचं नाव लिहीत नाही.

कंपनीच्या एका बैठकीची विषयपत्रिका आदल्या रात्री साडेदहाला शिपाई घेऊन आला. दोनशेहून जास्त पानं, आणि बैठक सकाळी अकराला. कंपनी कायद्यात संचालकांना किमान सात दिवस आधी सूचना द्यायची असते, तातडीची सवलत अपवाद म्हणून आहे. आमच्याकडे तो अपवादच रिवाज झाला होता. मुलगी तेव्हा सीएची आर्टिकलशिप करत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघी रात्री दोनपर्यंत पानं चाळत बसलो. मागच्या बाजूला एका सल्लागाराच्या मुदतवाढीचा प्रस्ताव होता. शुल्क मूळ रकमेच्या निम्म्याने वाढवून, आणि कारणाच्या रकान्यात एवढंच: ‘आवश्यकतेनुसार’. मुलीने त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

सकाळी मी विचारलं, आधीच्या मुदतीत यांचं काय राहिलं आणि का राहिलं? महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीचे अध्यक्षही संचालक होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. ते म्हणाले, “ताई, काम अडेल. मार्चच्या आत खर्च पडला नाही तर निधी परत जाईल.” मी म्हटलं, माझा विरोध नोंदवा आणि मग करा मंजूर. विषय मंजूर झाला. तीन आठवड्यांनी इतिवृत्त हातात आलं, त्यात ‘सर्वानुमते मंजूर’.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. ज्या संचालकाने विरोध केला त्याचं नाव इतिवृत्तात आलंच पाहिजे असं कंपनी कायद्याचं कलम ११८ सांगतं. उद्या चौकशी लागली तर कोणाची संमती होती आणि कोणाची नव्हती, हे त्याच कागदावरून ठरतं. मी लेखी दुरुस्ती मागितली. उत्तर आलं, ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ इतिवृत्त तसंच राहिलं.

मग तोच प्रश्न महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, विचारला. पीठासनावरून सांगितलं गेलं, विषय कंपनीचा आहे, सभागृहाच्या कक्षेत येत नाही. कंपनीच्या पुढच्या बैठकीत मला सुनावलं, इथे तुम्ही नगरसेविका म्हणून बसलेला नाहीत, कंपनीचं हित बघा. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या बाईने लोकांच्या पैशाबद्दल बोलायचं तरी कुठे? त्या दिवशी घरी येऊन मी रडले, हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

हे चुकून झालेलं नाही. २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेत केंद्राने शहरामागे पाच वर्षांत ५०० कोटी देऊ केले आणि तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेने घालायचा होता. कंपनीत राज्य आणि महापालिकेचं भागभांडवल निम्मं-निम्मं. आणि मार्गदर्शक सूचनांतच सुचवलं होतं की प्रकल्पाबाबतचे सभागृहाचे अधिकार कंपनीला आणि महापालिकेचे निर्णयाचे अधिकार तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला द्यावेत. आमच्या सभागृहाने हात वर करून ते देऊन टाकले. त्यात माझाही हात होता. पुढे २०२२ मध्ये नगरसेवकांच्या मुदती संपल्या आणि जवळपास चार वर्षं राज्यातल्या अनेक महापालिकांवर प्रशासक होते. सभागृहाचे अधिकार आयुक्तांकडे, आणि तेच कंपनीवर संचालक. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच माणूस.

भाऊंचं म्हणणं होतं, अजूनही आहे, की स्थायी समितीत अडवणूक होते, कंपनीत कामं झटपट होतात. भाऊ, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. स्थायी समितीत सोळा माणसं प्रश्न विचारायची, पत्रकार बाहेर उभे असायचे. त्यातल्या काहींची अडवणूक खोटी होती, मान्य. पण त्यांना बाजूला सारण्यासाठी तुम्ही सगळ्या शहराचाच प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घेतलात.

कंपनी म्हणजे वाईटच असं मात्र मी म्हणत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली, पुण्याचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. एका महापालिकेच्या खात्याला दुसऱ्या शहरात बस चालवणं अवघड, तिथे कंपनीच हवी होती. शिवाय संचलनातली तूट दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकातून भरायची असते, त्यामुळे निदान त्या निमित्ताने सभागृहात विषय निघतो. माझा आक्षेप पैसा सभागृहाचा आणि हिशेब मात्र बंद दाराआड, या रचनेला आहे.

तुम्ही काय करू शकता ते थोडक्यात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र बघता येतं. लेखापरीक्षकाचा अहवाल आधी वाचा, आकडे नंतर. राज्य आणि महापालिका मिळून शंभर टक्के मालक असलेल्या कंपनीला माहिती अधिकार लागू होतो, तिथे अर्ज करून संचालक मंडळाची इतिवृत्तं मागा. वार्षिक सर्वसाधारण सभेला भागधारक म्हणून महापालिकेतर्फे कोण बसलं आणि त्याला अधिकार देणारा ठराव कुठे आहे, हेही विचारा. पाच वर्षांत तसा ठराव महासभेपुढे आलेला मी पाहिला नाही.

इतिवृत्तं हाती आली की ‘सर्वानुमते’ हा शब्द शोधा. मग तुमच्या नगरसेवकांपैकी जे संचालक आहेत त्यांना फोन करा आणि विचारा, त्या दिवशी तुम्ही खरंच हो म्हणाला होतात का.