ऑनलाइन घेतलेल्या मंगळसूत्राची कडी आठवड्यात तुटली, कंपनी म्हणते ‘दागिन्यांवर रिफंड नाही’. काय करावं?

ती अट सदोष मालाला लागू होत नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे माल सदोष असेल तर विक्रेता तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. त्यामुळे ‘आमची पॉलिसी’ ऐकून गप्प बसू नका.

आधी तुटलेल्या कडीचे जवळून फोटो काढा आणि बिल सांभाळून ठेवा. कडी स्वतः सोनाराकडून डागून घेऊ नका, पुरावाच जातो! माझ्या बहिणीने घाईत तेच केलं आणि कंपनीने हात झटकले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

मग साइटवरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, फोनवर बोलणं पुरेसं नाही. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत २ वर्षं.

सोन्याचं असेल तर त्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपवर आजच तपासा.