गिनोबिलीले थांबवलं ते बरोबरच होतं, पण थांबवते कोण ते पाहा लागते

भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत म्हणून उत्तर लांबन. एक, 2014 च्या बास्केटबॉल वर्ल्ड कपले स्पर्सनं (सॅन अँटोनिओ स्पर्स, अमेरिकेतला क्लब) आपल्या मनू गिनोबिली या प्लेअरले त्याच्या देशाकडून, अर्जेंटिनाकडून, खेळू दिलं नाई, तर हे म्हणजे देशापेक्षा पैसा मोठा झाला नाई काय. अन दोन, तुमच्या लहान भावाचं विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममध्ये सिलेक्शन झालं, गुडघा सुजून आहे अन कोच म्हणते पट्टी बांध अन उतर. मी तालुक्याच्या शाळेत पीटी शिकवली, रिटायर झालो तरी ग्राउंडवर जातोच, मले तर हे दोन्ही प्रश्न एकच वाटते.

पहिले नियम समजून घ्या, काऊन का अर्धे लोक इथंच गडबडतात. एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, स्पर्स त्यातलीच) टीम मनात आलं म्हणून प्लेअरले अडवू शकत नाई. एनबीए अन फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) यायच्यात करार आहे, प्लेअर फिट असंन अन त्याची इच्छा असंन तर उन्हाळ्यातल्या वर्ल्ड कपले, ऑलिंपिकले त्याले सोडाच लागते. अडवाचं असंन तर मेडिकल कारण पायजे, अन तेही पटण्यासारखं. वरून प्लेअरच्या कॉन्ट्रॅक्टचा इन्शुरन्स देशाच्या फेडरेशनले काढा लागते, तो महाग असते, त्याच्यापायी बी कधी कधी गाडी अडते. (सीझन चालू असताना नोव्हेंबर, फेब्रुवारीत क्वालिफायरच्या मॅचेस असतात त्याले तर एनबीएवाले जातच नाईत, तो वेगळा वाद आहे.)

आता गिनोबिली. जून 2014 मध्ये स्पर्सनं मायामीले 4-1 हरवून टायटल घेतलं, अन त्याच्यानंतर निघालं का त्याच्या उजव्या पायाच्या खालच्या हाडाले स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे धाडकन मोडलेलं हाड नाई, रोजच्या पळण्या-उड्यांनी हाडाले पडलेली बारीक चीर. आराम दिला तर भरते, नाई दिला तर वाढत जाते, एखाद्या दिवशी पूर्णच मोडते. माणूस 37 चा, वर्ल्ड कप ऑगस्टच्या शेवटी स्पेनमध्ये, अन त्याले खेळाचंच होतं. स्पर्स म्हणे नाई म्हणजे नाई. अर्जेंटिनातले लोक भडकले, तो स्वतःही लय नाराज झाला.

पण स्पर्सले हे भेव काऊन होतं ते 2008 मध्ये पाहा. तेव्हा त्याचा डावा घोटा दुखावलेला होता अन तेव्हा स्पर्सनं सोडलं होतं. बीजिंग ऑलिंपिकले अर्जेंटिनाचा झेंडा घेऊन पुढं चालणारा तोच. सेमीफायनलमध्ये अमेरिकेविरुद्ध तोच घोटा पुन्हा गेला, ब्राँझची मॅच त्याच्याशिवाय झाली (मेडल मिळालं, ते वेगळं), मग सप्टेंबरात ऑपरेशन अन पुढच्या सीझनच्या सुरुवातीले तो बाहेर. एकदा हात पोळल्यावर क्लब दुसऱ्यांदा विस्तवात हात घालन काय? अन 2014 ले थांबवला तो माणूस 2016 ले 39 व्या वर्षी रिओ ऑलिंपिकले अर्जेंटिनाकडून खेळला अन एनबीएत 2018 पर्यंत होता. म्हणून मी म्हणतो बरोबर होतं.

आता कोणी म्हणन का मग सगळ्यायलेच अडवा, लफडाच नाई. गिनोबिलीच्याच उन्हाळ्यात, 1 ऑगस्टले, लास वेगासले अमेरिकेच्या टीमची आपसातली मॅच चालू होती. पॉल जॉर्ज, एनबीएतल्या इंडियाना क्लबचा, समोरच्या हार्डनले अडवाले उडाला अन खाली येताना पाय बास्केटच्या खांबाच्या बुडाशी अडकून मोडला, असा मोडला का ते पाहाले जीव होत नाई. एकदम फिट पोट्टा होता, क्लबनं अडवाचा प्रश्नच नव्हता. पगार क्लबचा, सीझन क्लबचा गेला, पुढच्या एप्रिलमध्ये आला तर फक्त 6 मॅचेस खेळला. डॅलस क्लबचा तेव्हाचा मालक मार्क क्युबन असले प्रकार पाहूनच बोंबलत होता का ऑलिंपिकवाले पैसे कमावतात अन धोका आमच्या खिशाले. त्याचं म्हणणं पैशापुरतं खरं आहे. पण तोच पॉल जॉर्ज रिओले पुन्हा देशाकडून गेला अन गोल्ड घेऊन आला, म्हणजे खेळणाऱ्याले काय पायजे ते मालकाच्या हिशोबात बसत नाई.

एनबीएत खेळणाऱ्या चीनच्या याओ मिंगचं उदाहरण मले जास्त टोचते. फेब्रुवारी 2008 मध्ये डाव्या पावलाले स्ट्रेस फ्रॅक्चर, ऑपरेशन, अन ऑगस्टमध्ये घरचं ऑलिंपिक, सगळा चीन त्याच्याकडे डोळे लावून. खेळला. 2009 च्या प्लेऑफमध्ये तेच पाऊल पुन्हा मोडलं, एक पूर्ण सीझन गेला, अन 2011 मध्ये 30 व्या वर्षी रिटायर. ऑलिंपिकमुळेच झालं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाई, साडेसात फुटाचं शरीर तसंही पायावर भारी पडते. पण बीजिंगच्या वेळी त्याले 'थांब' म्हणाची हिंमत कोणात होती सांगा.

अन उलटं बी होते बरं. 2024 ले एनबीएतला क्वाय लेनर्ड पॅरिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या कॅम्पले आला, गुडघ्याचं जुनं दुखणं, अन तिथून अमेरिकेच्या टीमनंच त्याले घरी पाठवलं, त्याच्या जागी डेरिक व्हाइट. क्लबवाले म्हणाले आम्हाले पटलं नाई, तो खेळू शकत होता. म्हणजे दरवेळी क्लब दुष्ट अन देश बिचारा असं नसते.

आपल्या क्रिकेटमध्ये तर दोरी बोर्डाच्या हातात, फ्रँचायझीच्या नाई. तरी काय होते? सप्टेंबर 2022, आपल्या नागपूरच्या जामठ्याले ऑस्ट्रेलियासोबत टी-ट्वेंटी, मैदान ओलं, मॅच 8 ओव्हरची झाली. बुमरा पाठीच्या दुखापतीतून परत आला होता, फिंचले असा यॉर्कर टाकला का फिंच स्वतः टाळ्या वाजवत गेला. स्टेडियम नुसतं दणाणलं. त्याच्यानंतर हैदराबादची एक मॅच, अन मग पाठ पुन्हा गेली, ऑक्टोबरच्या सुरुवातीले बोर्डानं सांगितलं का वर्ल्ड कप नाई. पुढं मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडले ऑपरेशन, आयपीएल पूर्ण गेली.

तर माझं मत असं. जखमी प्लेअरले नाई म्हणणारा कोणी तरी असाच लागते, अन तो प्लेअर स्वतः नसते, काऊन का 20-22 च्या पोट्ट्याले विचारलं खेळतो काय तर तो हो म्हणते, मोडलेल्या पायानं बी हो म्हणते. फक्त तपासणारा डॉक्टर ना क्लबच्या पगारावर असावा ना फेडरेशनच्या. शंकरपटात लंगडा बैल कोणी जुंपत नाई, गावाची इज्जत गेली तरी मालक बैल सोडत नाई, कारण त्याचे पैसे गुंतले असतात. क्लबचं तेच आहे. अन आपल्याकडच्या पोट्ट्यांवर कोणाचेच पैसे गुंतले नसतात, म्हणून त्यायले नाई म्हणाले कोणी नाई.

इथं प्रेशर पैशाचं नाई, सर्टिफिकेटचं आहे. दहावी-बारावीचे ग्रेस मार्क, नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, त्याच्यासाठी बाप स्वतः क्रेप बँडेज आणून देते. कबड्डीत एक पोट्टा होता माझ्याकडे, गुडघ्यात कट्ट आवाज आला, संध्याकाळी गुडघा नारळाएवढा, आजीनं हळद-चुना गरम करून लावला अन चौथ्या दिवशी सेमीफायनलले दुसऱ्या एका कोचनं त्याले मॅटवर उतरवलं. आता तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन वावरात उतरला का गुडघा सटकते.

तुमच्या भावाचं सांगा: मुरगळताना आवाज आला होता काय? सूज दोन-चार तासातच आली का दुसऱ्या दिवशी? पायऱ्या उतरताना गुडघा दगा देते काय, मधातच अडकते काय? यातलं एकही हो असंन तर खेळणं बंद, अमरावती नाई तर नागपूरले हाडाच्या डॉक्टरले दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खुश होऊ नका, एक्स-रेत लिगामेंट दिसत नाई, डॉक्टर म्हणाले तर एमआरआय करा. लिगामेंट तुटलेलं असताना खेळलं तर आतली गादी बी फाटते, मग काम वाढते. तोवर बर्फ, अन मालिश बिल्कुल नाई, गरम लेप बी नाई. डॉक्टरची चिठ्ठी कोचले तोंडी सांगू नका, झेरॉक्स काढून क्रीडा विभागात द्या अन पोच घ्या. कोच चिडन तर चिडू द्या. पोट्टा कोणत्या वर्षाले आहे ते नाई लिहिलं तुम्ही, फर्स्ट इयरले असंन तर अजून दोन सिलेक्शन बाकी आहेत त्याचे.