होडी उलटली तर?

मुलाला शिडाची होडी शिकायला पाठवावे की नाही, हा प्रश्न घेऊन पालक येतात, तेव्हा मला नेहमी एक आई आठवते. ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकीकत सांगतो.

तिच्या नऊ वर्षांच्या मुलाचे प्रशिक्षणाच्या आदल्या रात्री हटकून पोट दुखत असे. मूल घाबरले आहे, तेव्हा वर्ग बंद करावा, असे तिचे मत झाले होते. मुलाशी एकट्याने बोललो, तेव्हा तो म्हणाला, "मला होडीची भीती नाही वाटत. मी पाण्यात गेलो की आई काठावर रडेल, याची वाटते."

आईचा चुलतभाऊ लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत बुडाला होता आणि तो चांगला पोहणारा होता. "त्याने हाकसुद्धा मारली नाही हो," असे ती दोनदा म्हणाली. तुमची भीती निराधार आहे, असे मी तिला सांगितले नाही, कारण ती तशी नव्हती. बुडणारे माणूस बहुधा ओरडू शकत नाही, म्हणूनच मुलांवर सतत नजर ठेवणारे कोणीतरी लागते. मी तिला एवढेच सुचवले, की भीती मनात घोळवण्याऐवजी तिचे प्रश्न करून ते प्रशिक्षकांना विचारावेत: बचावाची मोटरबोट मुलांच्या आधी पाण्यात उतरते का, लाइफ जॅकेट मुलाच्या वजनानुसार देतात का, वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल, म्हणजे लहान होड्या काठापासून दूर ढकलत असेल, तर काय करतात, परतल्यावर मुले कोण मोजतो. या प्रश्नांनी जो प्रशिक्षक चिडेल, त्याच्याकडे मूल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथील प्रशिक्षक चिडले नाहीत. उलट, होडी मुद्दाम उलटवण्याचा सराव असेल त्या दिवशी त्यांनी तिला बोलावले. ऑप्टिमिस्ट ही 1947 मध्ये मुलांसाठीच बेतलेली, जेमतेम 2.36 मीटर लांबीची, एकट्या मुलाने चालवायची होडी. ती आडवी झाली आणि मुलगा पाण्यात पडला, तेव्हा आईने माझ्या सांगण्यावरून आणलेली वही घट्ट धरली होती. मुलगा होडीला धरूनच तळाच्या बाजूला गेला, तेथे बाहेर आलेल्या फळीवर त्याने आपला सगळा भार टाकला आणि शीड निथळत वर आले. होडी कधीही सोडायची नाही, हा तेथला पहिला धडा. आतल्या हवेच्या पिशव्यांमुळे उलटलेली होडीही तरंगते आणि लाटांमध्ये एकट्या डोक्यापेक्षा ती लांबून लवकर दिसते. दुसरा धडा असा, की होडी आवरेनाशी झाली की शिडाचा दोर सैल सोडायचा, म्हणजे शिडातला वारा निघून जातो आणि वेग पडतो.

"माझ्या भावाला हे कोणी शिकवलेच नव्हते," ती पुढच्या भेटीत म्हणाली आणि बराच वेळ रडली. मला वाटते, तिच्यासाठी खरे काम त्या दिवशी सुरू झाले.

मुलाची पोटदुखी हळूहळू थांबली. जोराचा वारा असला की ती अजूनही काठावर जात नाही. त्या दिवशी वडील जातात आणि मुलाला ते ठाऊक असते. निघण्यापूर्वी मात्र जॅकेटचे पट्टे तीच आवळते आणि दोन्ही खांद्यांशी धरून ते वर ओढून पाहते. हनुवटीपर्यंत सरकले, तर पुन्हा आवळते.