“मॅडम, वाचलेलं असतं, पण पेपरात आठवत नाही”

लातुरात नीटची तयारी करणारी मुलं माझ्यासमोर बसली की हे वाक्य हमखास येतं, आणि बहुतेक वेळा केमिस्ट्रीबद्दलच. मागच्या हिवाळ्यात बारावीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ती तोंड उघडायच्या आत वडीलच म्हणाले, “बायो चांगली आहे हो हिची, केमिस्ट्रीतच मार खाते. लक्षच नसतं.” ती मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

वडिलांना मी बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याकडून शेवटच्या सराव पेपरची उत्तरं मागून घेतली. केमिस्ट्रीचे ४५ पैकी ४५ प्रश्न सोडवलेले. १९ बरोबर, २६ चूक. बरोबरचे ७६ गुण आणि चुकांचे २६ वजा, म्हणजे हातात ५०. मी स्वतः केमिस्ट्रीची बीएस्सी, त्यामुळे चुका एकेक करून तिच्यासोबत पाहता आल्या. ९ प्रश्न खरोखर येत नव्हते. ६ घाईत गेले: ‘असत्य विधान ओळखा’मध्ये सत्य निवडलेलं, तापमान सेल्सियसचं केल्व्हिन करायचं राहिलेलं. उरलेल्या ११ जवळ ती थबकली. “हे पाहिल्यासारखं वाटलं, म्हणून टिक केलं.”

हे ११ प्रश्नच तिचं खरं दुखणं होतं.

तिचं पुस्तक उघडलं. कॅनिझारो अभिक्रियेची ओळ तीन रंगांनी रंगवलेली. पुस्तक मिटून विचारलं, “अॅसिटाल्डिहाइड ही अभिक्रिया का देत नाही?” ती गप्प. अॅसिटाल्डिहाइडमध्ये अल्फा हायड्रोजन असतो म्हणून; हा मुद्दा त्या रंगवलेल्या ओळीतच होता. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. “मी दोन-दोन वाजेपर्यंत जागते, मॅडम.” ते खरंच होतं. कष्टांत ती कुठेच कमी नव्हती. पण तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली की ती ओळखीची होते आणि मनाला वाटतं, झालं पाठ. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. आठवून काढायचा सराव तिनं कधी केलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट पाहून माझा जीव कळवळला. मामेभावाच्या २०२२ च्या नोट्समधून ती पॉलिमर आणि सॉलिड स्टेट घोकत होती. हे धडे २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातच नाहीत. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत काढून टेबलावर चिकटवायची, हे पहिलं काम.

दुसरं काम अवघड होतं. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. तोच कागद दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. पहिल्या दिवशी तिनं फोन केला, “अर्धं पानही भरलं नाही.” मी म्हटलं, भरू नकोस, उद्या बघू. ते रिकामं पान पाहणं मुलांना फार जड जातं. रंगवत बसणं सोपं असतं, म्हणून मुलं तिथेच परततात.

सराव पेपर तिनं दुपारी दोनला सोडवायचा ठरवला, कारण खरी परीक्षाही दोनलाच सुरू होते आणि जागरणामुळे नेमकी तेव्हाच तिला डुलकी लागायची. झोप अकराला. यावर वडील खूप वेळ घासाघीस करत होते. “मग अभ्यास कधी करणार?” शेवटी एकच विनंती केली: महिनाभर गुण विचारू नका, आज कोणता कागद लिहिलास तेवढंच विचारा.

सहा आठवड्यांनी तिनं ३६ प्रश्न सोडवले. २७ बरोबर, ९ चूक, ९९ गुण. सोडलेल्या ९ प्रश्नांसमोर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘माहीत नाही’. त्यातले पाच को-ऑर्डिनेशन कंपाउंडचे होते. त्या रविवारी त्यावरचा पहिला कागद ती माझ्यासमोरच लिहायला बसली.